डोरीनच्या खणातला चष्मा

मित्रांनो, माझी डावी काडी मोडलेली आहे आणि ती पांढऱ्या चिकटपट्टीने बांधलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष तिकडे राहणार नाही. मी एक वाचायचा चष्मा आहे. अडीच नंबरचा, तपकिरी, पाच वर्षं वापरलेला. माणसांना पाच वर्षं काहीच वाटत नाहीत. आमच्या जातीत मात्र एवढ्या वयात बहुतेक जण सोफ्याच्या फटीत, नाहीतर कचऱ्याच्या डब्यात पोचलेले असतात. माझी दोन भावंडं तशीच गेली.

आम्ही तिघं एकाच पाकिटात जन्माला आलो असं म्हटलं तरी चालेल. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. साच्यातला उष्मा, काच बसवताना झालेला टक्‌ असा आवाज, एवढंच. मला खरी जाग आली ती हेमलॉक बे गावातल्या औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या गोळ्यांशेजारच्या एका आकड्यावर लटकत असताना. समोर खोक्यांची भिंत होती. प्रत्येक खोक्यावर पुढच्या बाजूला भली मोठी रंगीत अक्षरं आणि मागच्या बाजूला मुंगीएवढी काळी अक्षरं. मोठ्या अक्षरांना माझी गरज नव्हती. ती दारातूनच ओरडत होती. माझा जन्म मुंगीएवढ्या अक्षरांसाठी झाला आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि, खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा गर्वच झाला.

आम्हाला विकत घेतलं ते एकतीस डिसेंबरला. त्या गावात हा दिवस कसा असतो ते सांगतो. रूडी लाहटी हा काउंटीच्या रस्ते खात्यात बर्फ सारायची गाडी चालवायचा. त्याच्या पगारातून, कर कापायच्या आधीच, थोडी रक्कम एका आरोग्यखात्यात जायची आणि त्या खात्याचं एक निळं कार्ड असायचं. त्या रकमेवर कर नाही, हा फायदा. ती औषधपाण्याखेरीज कशावरही खर्चता येत नाही आणि वर्ष सरायच्या आत संपवली नाही तर गेली, ही मेख. रूडीसारखं निम्मं गाव होतं. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी साऱ्या गावाला एकदम आजार झाल्यासारखे लोक दुकानात लोटायचे. कुणाला काही झालेलं नसायचं. पैसे वाया जाऊ नयेत, एवढंच दुखणं.

बाहेर गुडघाभर बर्फ आणि रूडीच्या ढकलगाडीत उन्हापासून वाचायच्या मलमाच्या सहा नळ्या. त्याची बायको डोरीन त्यांच्याकडे बघून म्हणाली, "रूडी, जुलैत दोन दिवस ऊन पडतं आपल्याकडे. त्यातला एक दिवस तू झोपलेला असतोस."

"मग दुसऱ्या दिवशी सहाही नळ्या फासून बसेन," रूडी म्हणाला. "सरकारला परत देण्यापेक्षा बरं."

त्याच गाडीत तापमापक पडला, चिकटपट्टीची रिळं पडली, आणि सगळ्यात वर आम्ही तिघं भावंडं पडलो.

डोरीनच्या घरी माझे फार चांगले दिवस गेले. तिने माझ्यातून बघून दोरे ओवले, शब्दकोडी सोडवली, शनिवारी साउना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तापत असताना अंगणातल्या बाकावर बसून वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचल्या. रूडी आतून ओरडायचा, "माझं नाव आलंय का?" आणि ती म्हणायची, "अजून नाही, पाय पुसून ये." ती औषध आणलं की आधी खोकं उलटं करायची आणि मागचं सगळं वाचायची. रूडी तिला मास्तरीणबाई म्हणायचा. माझ्याबद्दल ती शेजारणींना सांगायची, "हा एकच टिकला बघ तिघांतला. याच्याशिवाय मी आंधळी." हे ऐकलं की माझ्या काचा चमकत असाव्यात, असं मला वाटतं.

रूडी स्वतः चष्मा लावत नसे. बासष्ट वर्षांचा होता, हात लांब करून वाचायचा, आणि हात पुरेनासा झाला की वाचायचंच सोडून द्यायचा. गाडीत बारा-बारा तास बसून त्याची पाठ गेली होती. त्यासाठी पांढऱ्या बाटलीतल्या गोळ्या होत्या, दोन-दोन, दिवसातून तीनदा. डोरीनने ती बाटली माझ्यातून नीट वाचली होती. बरोबर मापात घ्यायचा. त्या गोळ्यांचा काही दोष नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

माझ्या चौथ्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. चार वाजून गेले होते, वादळ येणार म्हणून दुकान पाचला बंद होणार होतं, आणि कार्डावर अजून बरेच पैसे होते. काउंटरमागून ग्वेन केटोला, तिथली फार्मासिस्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. पाच वाजता मी दिवे घालवते, मग रडत येऊ नका." कुणीच काही विचारलं नाही. सगळे गाड्या भरत होते.

डोरीनने आकड्यावरून नव्या चष्म्यांचं एक पाकीट काढलं. मी तिच्या नाकावरच होतो. मला थोडं वाईट वाटलं, पण कारणही कळलं. माझी काडी तेव्हाच सैल झाली होती.

रूडीने ते पाकीट तिच्या हातातून घेतलं आणि परत आकड्याला लावलं. "चष्मा आहे की घरात," तो म्हणाला. "त्यापेक्षा हे बघ, सर्दी-तापाचं मोठं खोकं, एकावर दुसरं कमी भावात. फेब्रुवारीत लागतंच." त्याने नारिंगी खोकं गाडीत टाकलं आणि त्यामागे एक निळं खोकंही टाकलं. निळं रात्रीचं, झोप लागावी म्हणून.

डोरीनने नारिंगी खोकं उचललं आणि सवयीने उलटं केलं. मी तयारच होतो. पहिली ओळ माझ्यातून तिच्या डोळ्यांत उतरते न उतरते तोच रूडी म्हणाला, "अगं, वाचत काय बसलीस, पुस्तक आहे का ते? दुकान बंद होतंय. घरी जाऊन वाच हवं तर, मास्तरीणबाई."

ती हसली. तिने मला काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. पिकअपमध्ये बसताना ती माझ्यावरच बसली. कट्‌ असा आवाज झाला आणि माझी काडी मोडली.

"नंतर चिकटवू," रूडी म्हणाला.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातला चुलीशेजारचा खण उघडला. त्या खणात चार वर्षांचे एकतीस डिसेंबर साठले होते. मलमं होती, तापमापक होते, पट्ट्या होत्या, आणि चिकटपट्टीची बारा रिळं होती. नवी खोकी खाली गेली आणि मी त्यांच्यावर. मित्रांनो, माझ्या शेजारी चिकटपट्टीची बारा रिळं होती, आणि माझी काडी बांधायला कुणाला वेळ झाला नाही.

मी नारिंगी खोक्यावर पालथा पडलो होतो. खण गच्च भरल्याने पुरता बंद होत नसे, म्हणून फटीतून थोडा उजेड यायचा. माझ्या उजव्या काचेखाली त्या खोक्याची मागची बाजू आली होती. करायला काही नव्हतं, म्हणून मी वाचत बसलो. तिथे लिहिलं होतं की या औषधात असिटामिनोफेन आहे. तुमच्याकडे त्याला पॅरासिटामॉल म्हणतात. हेच औषध असलेलं दुसरं काही सोबत घेऊ नका, यकृताला गंभीर इजा होऊ शकते. मग माझी नजर डाव्या काचेकडे गेली. तिच्याखाली निळ्या खोक्याचा कोपरा होता. तिथेही तेच नाव. आणि पांढऱ्या बाटलीवर काय लिहिलेलं आहे ते तर मला पाठच होतं.

तीन रंग, तीन नावं, पुढे तीन वेगळी दुखणी, आणि आत एकच औषध. मला तेव्हा जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही.

वादळ आठवडाभर चाललं आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी रूडी कामावरून दुपारीच परत आला. दात वाजत होते, अंग भाजत होतं. डोरीनने त्याला बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपवलं आणि खण उघडला. मला बाजूला सारलं, नारिंगी खोकं काढलं, त्यातली पूड गरम पाण्यात घातली, आणि मला परत ठेवलं.

"पाठीच्या गोळ्या घेतल्यास?" ती म्हणाली.

"सकाळीच. आता दोनच्या घेतो. ताप आला म्हणून पाठ काही सुट्टी देत नाही."

"घे. आणि हे दर चार तासांनी. खोक्यावर तसं लिहिलंय." हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

ती मापात चुकली नाही, हे मी शपथेवर सांगेन. नारिंगी जेवढं लिहिलं होतं तेवढं. पांढऱ्या गोळ्या जेवढ्या लिहिल्या होत्या तेवढ्या. झोपताना निळ्या दोन. घशाला बरं म्हणून लिंबाच्या गरम पाण्यात चमचाभर ब्रँडी. प्रत्येक गोष्ट तिने घड्याळाकडे बघून, हात पुसून, मायेने दिली. दर वेळी खण उघडायचा, तिची बोटं मला बाजूला सारायची, खोकं निघायचं, खोकं परत यायचं, आणि ती मला पुन्हा त्याच शब्दांवर ठेवायची. ते शब्द माझ्याखाली मोठे होऊन पडलेले असायचे. बघायला कुणी नसायचं.

मंगळवारी तो थोडं सूप प्याला. बुधवारी त्याने पेस्टीचा, मांस-बटाटा भरून भाजलेल्या करंजीचा, एक घास खाल्ला आणि उलटी केली. गुरुवारी काहीच खाल्लं नाही.

"ताप काही नीट उतरेना," डोरीन स्वतःशीच म्हणाली. "अजून एक पुडी द्यावी." खण उघडला. मला बाजूला सारलं.

मित्रांनो, मी चष्मा आहे. कुणाच्या नाकावर बसल्याशिवाय मी कुणाला काही दाखवू शकत नाही. त्या चार दिवसांत मला पहिल्यांदाच माझ्या जन्माची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी वारा थांबला आणि बर्फावरून उन्हाचा पांढरा उजेड घरात आला. त्या उजेडात डोरीनने रूडीकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम बदलला.

"रूडी. तुझे डोळे पिवळे का दिसतायत?"

"आई, गाडीची किल्ली कुठे आहे?" रूडी म्हणाला. "रस्ता साफ करायचाय."

त्याची आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

डोरीनने फोन लावला तो ग्वेनला, दुकानात. औषधांतलं कळणारं ओळखीचं माणूस तेच होतं. ती फोनवर काय म्हणाली ते मी ऐकत होतो. ग्वेनचा आवाज खणापर्यंत येत होता, कारण डोरीनने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला होता.

"त्याला काय काय दिलंस?" ग्वेन म्हणाली.

"नारिंगी सर्दीचं, पाठीच्या गोळ्या, रात्री निळ्या. सगळं मापात दिलंय ग्वेन, एकही जास्त नाही."

मग ग्वेन म्हणाली, "डोरीन, खोकी उलटी कर. मागे सगळ्यात वर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."

"चष्मा मोडलाय माझा."

"मोडका असला तरी लाव."

खण खसकन उघडला. या वेळी तिने मला बाजूला सारलं नाही. तिने मला उचललं आणि एका काडीला धरून डोळ्यांसमोर आडवं धरलं. तिने नारिंगी खोकं वाचलं. मग निळं वाचलं. मग पांढरी बाटली हातात घेतली, आणि तिन्ही वेळा तिच्या तोंडून तोच शब्द निघाला.

"फोन ठेव आणि इस्पितळाची गाडी बोलाव," ग्वेन म्हणाली. "त्यांना हे तिन्ही सांग. त्याला आता काहीही देऊ नकोस."

गाडी बोलावली. पण गाडी येणार कशी? लाहटींच्या रस्त्यावर चार दिवसांचं बर्फ होतं. तो रस्ता रूडी साफ करायचा. रूडी आजारी म्हणून त्याच्याच खात्यातला टॉइवो हार्यू एकटा दोघांच्या वाटा साफ करत होता आणि ही वाट शेवटी ठेवली होती. डोरीन खिडकीशी उभी होती. मी तिच्या मुठीत होतो. दोन तास आम्ही त्या पांढऱ्या रस्त्याकडे बघत होतो. शेवटी टॉइवोची गाडी बर्फ उडवत वळणावर दिसली आणि तिच्या मागोमाग लाल दिवा.

इस्पितळ दीड तासावर, मोठ्या गावात होतं. तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. या औषधावर उतारा आहे, ते म्हणाले, तो आम्ही चढवलाय. पण तो पहिल्या दिवशी चांगला लागू पडतो, आणि हा पाचवा दिवस आहे. दुसरं यकृत मिळतंय का ते बघतो.

शनिवारी दुपारी रूडीला थोडी शुद्ध आली. त्याने डोरीनला ओळखलं.

"काय झालंय मला?" तो म्हणाला.

तिने सांगितलं. काही चोरलं नाही. शेवटी म्हणाली, "माझ्या हाताने झालं रूडी. मीच दिलं सगळं."

"तू लिहिलं होतं तेवढंच दिलंस," तो म्हणाला. "वाचत होतीस की तू दुकानात. मीच वाचू दिलं नाही." मग त्याने तिच्या हातातलं मला पाहिलं. "चिकटवला नाही का अजून?"

"नाही."

"चिकटव," रूडी म्हणाला.

दुसरं यकृत मिळालं नाही. बुधवारी पहाट झाल्यावर तो गेला. मला त्याच्याबद्दल राग होता, तो त्या आठवड्यात कुठे गेला कळलं नाही. आता नुसतं वाईट वाटतं.

घरी आल्यावर डोरीनने कोटही काढला नाही. खणातून चिकटपट्टीचं एक रीळ काढलं आणि माझी काडी बांधली. मी वेळ मोजला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती, वेलदोडा घातलेला निसू नावाचा गोड पाव होता, आणि सगळे हळू आवाजात म्हणत होते की यंदाचा ताप वाईट, रूडीसारखा गडी गेला. डोरीन ऐकत होती. टॉइवो तिच्याजवळ आला. त्याला खोकल्याची उबळ आली, त्याने खिशातून नारिंगी पुडी काढली आणि गरम कॉफीतच ओतायला लागला.

"थांब," डोरीन म्हणाली. "गुडघ्याला काय घेतोस तू?"

"बाटलीतल्या गोळ्या. तुझ्या नवऱ्यानेच सांगितल्या होत्या. का?"

"दाखव."

तिने मला नाकावर चढवलं आणि भर तळघरात, सगळ्यांसमोर, पुडीची मागची बाजू आणि बाटलीची मागची बाजू मोठ्याने वाचली. निधनवार्ता वाचायची त्याच आवाजात. मग म्हणाली, "तो तापाने गेला नाही. तो याने गेला." मी नाकावरून पाहत होतो. कितीतरी हात पर्सेसवर आणि खिशांवर गेले होते.

मित्रांनो, या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी म्हातारा झालो आहे, माझ्या उजव्या काचेवर ओरखडा आहे. मला कुठल्या कपाटात जपून ठेवा, असं मी म्हणत नाही. माझी विनंती एवढीच आहे की तुमच्या घरी असा एक खण असेल, तो आज उघडा. घरातल्या मोठ्या माणसांना बारीक अक्षरं दिसत नसतील तर तुमचे डोळे अजून तरणे आहेत, तुम्ही वाचून दाखवा. खोकं पुढून वाचू नका, मागून वाचा. दोन खोक्यांवर एकच नाव दिसलं तर गप्प बसू नका. आणि चष्मा मोडला असेल तर तो त्याच दिवशी बांधा.

आज पुन्हा एकतीस डिसेंबर आहे. ग्वेनने काउंटरशेजारी डोरीनला एक खुर्ची दिली आहे आणि सकाळपासून ती तिथे बसली आहे. गाडी भरून येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट विचारते, "घरी आधीपासून काय आहे?" काही जण थांबतात. पुष्कळ जण हसून पुढे जातात. बाहेर बर्फ पडायला लागलं आहे.

पाचला दहा मिनिटं असताना पन्नाशीचा एक माणूस आला. गाडीत नारिंगी खोकी चार, निळी दोन, पांढऱ्या बाटल्या तीन. डोरीनने विचारलं, तसा तो म्हणाला, "आता काय वाचत बसायचं, पुस्तक आहे का ते?"

डोरीनचा हात माझ्या काडीवर गेला. क्षणभर मला वाटलं की ती रडणार. पण तिने मला काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हा लाव," ती म्हणाली, "आणि तूच वाच."

तो घुटमळला, मग त्याने मला लावलं. नारिंगी खोकं उलटं केलं आणि हळूहळू, ओठ हलवत वाचायला लागला. मी त्याला एक-एक अक्षर मोठं करून दाखवत होतो. तो निळ्या खोक्याशी पोचला होता. तेवढ्या वेळात त्याच्या मागून तीन भरलेल्या गाड्या दाराबाहेर निघून गेल्या.